पाठीतली सुई आणि निखिलचा उखाणा

कळांचं काय घेऊन बसलात! मला कळा चालल्या असत्या, सुई नको होती. पहिल्याच रक्ततपासणीला मी गंगापूर रोडच्या लॅबमधून उठले आणि थेट रिक्षात जाऊन बसले. सासूबाईंनी मला परत आणलं, खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "नाव घे."

मी घाबरून उखाणा जुळवत बसले, तेवढ्यात रक्त काढून झालं. मग नऊ महिने तेच. प्रत्येक सुईला नवा उखाणा. शेवटी शेवटी लॅबवाल्या ताई फर्माईश करायला लागल्या.

बाळंतपणाच्या दिवशी पाठीत इंजेक्शन द्यायचं ठरलं. डॉक्टर म्हणाल्या, "अजिबात हलायचं नाही." सासूबाईंना आत सोडेनात. आला निखिल, माझा नवरा. आणि माझे तर सगळे उखाणे संपलेले.

"आज तू घे," मी म्हटलं. लग्नात यानं नुसतं लाजून वेळ मारून नेली होती.

निखिलनं घसा खाकरला. "विंचूरच्या बाजारात कांद्यांचे ढीग..."

"पुढे?"

"ढीग..."

"अरे, ढीगला काय जुळणार? रास म्हण, रास! रासला घास जुळतो!"

"टोचून झालं," डॉक्टर म्हणाल्या. "आता आडव्या व्हा."

"थांबा डॉक्टर. आधी याचा उखाणा पुरा होऊ दे."

डॉक्टर थांबल्या, सिस्टर थांबल्या. निखिलनं मान खाली घालून पहिल्यापासून सुरुवात केली. तोवर पोटातली मुलगीसुद्धा थांबली.