चाकावरचा एकटा मकाव

कोर्कोवादोच्या जंगलातून परतताना होडीवाल्याने नदीच्या मुखाशी इंजिन बंद केलं. भरती यायची होती. माझ्या मागच्या बाकावर सार्ची गावचा, बैलगाड्या रंगवणारा एलादिओ आणि त्याची थोरली बहीण नोएमी बसली होती.

“ताई, डोळे मिटले तरी लालच दिसतंय.”

“सुट्टीवर आलायस ना? मग ती वही आधी मिट.”

“चाळीस वर्षं चाकांवर मकाव पोपट रंगवतोय आणि खरा आज पाहिला. हसू नकोस.”

“हसत नाही रे. चोच जरा जास्तच मोठी काढतोस, एवढंच.”

“चोच जाऊ दे. धुक्यातून आले ते दोन. बदामाच्या झाडावर बसले तेही दोन. एकटा एकही नाही.”

“बरं, मग?”

“मग आपल्या घरच्या नक्षीत एकच कसा? गिऱ्हाइकांनी विचारलं की मी ऐटीत सांगतो, ही आमच्या घराची खूण.”

“खूणच आहे ती.”

“चूक आहे. बाबांनी खरा मकाव कधी पाहिलाच नसणार.”

“पाहिला होता. लग्न झाल्यावर आईला घेऊन ते इथेच आले होते.”

“हे मला कधी सांगितलं नाहीस. आईला मी फक्त फोटोत पाहिलंय, ताई.”

“पाणी चढायला लागलं बघ.”

“ताई, मग बाबांनी एकच का काढला?”

“आधी दोनच काढायचे रे. तू जन्मलास त्या दिवसापर्यंत दोनच काढायचे.”