आप्पांच्या हातचा रंग

आमचे आप्पा इचलकरंजीत सूत रंगवायच्या कारखान्यात, आणि मी कोल्हापुरात पीएचडीला. विषय काय, तर अडुळशाच्या पाल्याचा अर्क वापरून चांदीचे अतिसूक्ष्म कण करायचे आणि त्यांनी पाण्यातला रंग मोडायचा!

एकदा आप्पा डबा घेऊन प्रयोगशाळेत आले. त्यांच्यासमोर मी निळ्या पाण्यात कण टाकले. थोड्या वेळात पाणी नितळ झालं. आप्पांनी वाकून पाहिलं.

"आमी जल्मभर रंग पक्का केला, आन् तू घालवायला शिकलास व्हय?"

मला वाटलं, दुखावले. पण पुढच्याच सोमवारी एसटीनं हजर, मांडीवर कॅन! आत कारखान्यामागच्या ओढ्याचं लालभडक पाणी.

"ह्ये साफ कर. त्या वड्याकडं बघवत न्हाय मला."

दिवसभर झटलो. लालाचं गुलाबी झालं, पुढं ढिम्म हलेना. मी मान खाली घालून म्हणालो, "आप्पा, नाही जमलं."

त्यांनी गुलाबी पाण्याची बाटली उजेडात धरली.

"सोडू नगंस. पुढच्या सोमवारी परत आणतो पाणी." मग हळूच हसले. "पर एवढ्यात जाईल कसा, लेका? माझ्या हातचा रंग हाय त्यो!"