बांधावर भेटलेली दोन कासवं

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, एका कासवामुळे मिशीला पीळ देत फिरले, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. कानडी मुलखात देवनहळ्ळीजवळ आमची पपनसांची बाग होती आणि बागेत स्वतःचं तळं. त्यातलं एक चावरं कासव बदकांची पिल्लं पाय धरून खाली ओढायचं. मारायची सोय नाही, विष्णूचा अवतार पडला! शेवटी आम्ही बांबूच्या सापळ्यात कोंबडीची आतडी घातली आणि ते अडकलं.

अण्णा मला हळूच म्हणाले, "गौडांच्या तळ्यात सोडू."

गौडा आमचे शेजारी. दरवर्षी आमच्यापेक्षा मोठं पपनस मुद्दाम आणून दाखवायचे.

पहाटे पोतं दोघांनी धरून निघालो, तर मधल्या बांधावर समोरून गौडा. त्यांच्याही हातात पोतं, आणि तेही वळवळत होतं!

गौडाच आधी म्हणाले, "अण्णा, स्वल्प, जरा दाखवा की."

दोन्ही पोती उघडली. त्यांचं कासव ताटलीएवढं, आमचं परातीएवढं. गौडांचं तोंड एवढंसं झालं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "दोन्ही लांबच्या मोठ्या तलावात सोडू."

एकाच बैलगाडीतून निघालो. वाटेत जो तो थांबवून विचारी, "हे मोठं कुणाचं हो?"

गौडा बैल हाकायचे. अण्णा गाडीत उभे राहून सांगायचे, "आमचं! आमच्याच बदकांवर पोसलंय!"