तात्यांची चिंधी आणि तिची साखर

जमलेल्या माझ्या भावांनो, मायबहिणींनो, रामराम.

या शोकसभेत मला बोलायला उभं केलंय. मी उभा आहे एवढंच खरं, बोलणं कितपत जमेल देव जाणे. हा माईक थोडा लांब धरतो, नाहीतर शब्दाआधी माझा श्वासच तुम्हाला ऐकू यायचा. आत्मारामतात्या असते तर पहिल्या रांगेतून म्हणाले असते, दिगंबर, खाली बस, घाम पूस. आज तसं म्हणणारं कुणी नाही.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उधन्यात तात्यांच्या खोलीला लागून माझी खोली. पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या ज्या प्रोसेस हाऊसमध्ये तात्या कलर मास्तर होते, तिथेच मी फोल्डिंगला, कापडाच्या घड्या घालायला. माझ्याआधी बोललेल्या मंडळींनी कारखान्यातले तात्या सांगितले. सगळं खरं आहे. मी मात्र मांजरीबद्दल बोलणार आहे. कुणाला हसू आलं तर खुशाल हसा.

समोर तात्यांच्या पत्नी, वत्सलावहिनी बसल्यात. तात्यांच्या मांजरीला, चिंधीला, साखरेचा आजार आहे. सकाळ-संध्याकाळ तिला इन्सुलिनची सुई द्यावी लागते. इतकी वर्षं तात्या देत होते. आता वहिनींना त्यांचा भाऊ डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला नेणार आहे, उद्याच. परवा वहिनींनी मला विचारलं की मी येईपर्यंत चिंधीला तुम्ही सांभाळाल का. मी काय केलं? नळाला पाणी आलंय असं सांगितलं आणि बादली घेऊन पळालो. नळ कोरडा होता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

चिंधीची सोय लागल्याशिवाय मी हलणार नाही, असं त्यांनी भावाला बजावलंय. म्हणजे माझ्या एका शब्दावर मांजरीचा जीव आहे आणि वहिनींचे डोळेही. आणि तो शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. का निघत नाही, तेच सांगायला उभा आहे.

मंडळी, मी जातीचा भित्रा. प्लेगच्या वर्षी सगळे शहर सोडून पळत होते, तेव्हा भुसावळच्या गाडीत खिडकीतून आत घुसणाऱ्यांत मी होतो. तात्या इथेच राहिले होते. मी परत आलो तेव्हा त्यांनी चहा पुढे केला.

चिंधी त्यांना कारखान्यात सापडली. कापडाच्या तुकड्यांच्या ढिगात पडलेली, अंगावर पाच रंग, म्हणून नाव चिंधी. वहिनींना लेकरूबाळ नाही. ती घरात आली आणि घर तिचंच झालं. दूध-भाकरीवर चांगली गलेलठ्ठ झाली.

मग एका उन्हाळ्यात ती मोरीतली बादली रिकामी करायला लागली. सारखी तहान, सारखी भूक, आणि अंग मात्र उतरत चाललेलं. मागचे पाय टेकवून चालायला लागली, पार टाचेवर. शेजारी म्हणाले वय झालं तिचं. पण ती जिथे मुतायची तिथे मुंग्या लागलेल्या तात्यांनी पाहिल्या. वहिनींना साखर निघाली होती तेव्हाही मोरीत अशाच मुंग्या लागल्या होत्या. त्यांनी चिंधीला कापडी पिशवीत घातलं आणि ढोरांच्या दवाखान्यात नेलं. म्हशी आणि शेळ्यांच्या रांगेत हा माणूस मांजर घेऊन उभा. लोक हसत होते. मी पण हसलो होतो.

साखरच निघाली. आणि इथे तात्यांनी आपण सगळ्यांनीच केली असती ती चूक केली. आपल्या खान्देशात साखरेच्या माणसाला काय सांगतात? भात सोड, भाकरी खा. वहिनींना डॉक्टरांनी तेच सांगितलेलं. मग तात्यांनी चिंधीलाही पथ्यावर बसवलं! कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, बिनसाखरेच्या दुधात कुस्करून. वहिनींसाठी थापायच्या त्यातली एक चिंधीची. ती आवडीने खायची आणि तात्या खुश. आणि मांजर दिवसेंदिवस वाळत चाललेलं. सुईचं माप वाढवत नेलं तरी साखर हटेना.

साखर कशी बघायचे ते सांगतो. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात मांजरीच्या लघवीचे थेंब, आणि स्टोव्हवर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं तर देवाचं नाव घ्यायचं. तात्या नळी घेऊन दारात उन्हात यायचे. ट्यूबलाइटखाली रंगाची शेड बघायची नाही, हा त्यांचा कारखान्यातला नियम इथेही. चिंधीची नळी रोज विटेसारखी लाल. ज्या माणसाने आयुष्यात कधी शेड चुकवली नाही, तो दारात उभा राहून डोळे पुसताना मी पाहिलाय.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं की हिला खायला काय घालता. तात्यांनी मोठ्या अभिमानाने भाकरीचं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "मास्तर, आ बिलाडी छे, माणस नथी." ही मांजर आहे, माणूस नाही. मग त्यांनी समजावलं. भाकरी माणसाच्या साखरेला चालते, मांजराला नाही. मांजराचं पोट मांसाचं. धान्य पोटात गेलं की त्याची साखर होते आणि ती तिला पेलत नाही. दूधही बंद. उकडलेली मासळी द्या, कोंबडी द्या, अंडं द्या. मीठ-मसाला नको, आणि कांदा-लसूण तर तिला विषच. आणि एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली. खाणं बदललं की सुईची गरज झपाट्याने उतरते. तेव्हा हळूहळू बदला, रोज नळी बघा, मला दाखवत राहा आणि माप मला विचारूनच कमी करा.

तात्यांनी तसंच केलं. एकेक घास भाकरी कमी, एकेक घास मासळी जास्त. नळी लालची नारिंगी झाली, मग पिवळी, मग हिरवी. डॉक्टर माप उतरवत गेले. एका सकाळी तात्यांनी माझं दार ठोठावलं, हातात नळी. मला उन्हात ओढत नेलं आणि म्हणाले, "पाह्य भाऊ, निळी से. निळीच से." मंडळी, तेवढा आनंद मी त्या माणसाच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. चिंधी पुन्हा पंजांवर चालायला लागली. सुई उरली एवढीशी.

मला त्यांनी तेव्हाच शिकवायला घेतलं होतं. इन्सुलिनची बाटली गार मडक्यात ठेवायची. आधी तिने खायचं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. मी मान डोलवायचो आणि सुई दिसली की तोंड फिरवायचो. मला वाटायचं, तात्या आहेत, आपल्याला काय करायचंय शिकून.

मग तात्या गेले. सकाळी दाढी करता करता गेले. सगळं तुम्हाला ठाऊक आहे, ते मी सांगत नाही.

घरात सुतक. आपल्या रिवाजाप्रमाणे चूल बंद. तुम्हीच सगळ्यांनी डबे आणले, पिठलं-भाकरी, खिचडी, दूध. तुमचे उपकार वहिनी विसरणार नाहीत. पण सुतकाच्या घरात मासळी कोण शिजवणार? लोक काय म्हणतील? माझ्या खोलीत तिला खाऊ घालावं म्हटलं तर ती उंबरा ओलांडेना. तात्यांच्या चपलांपाशी बसून राहिली. मग कुणी दूध ठेवलं, कुणी खिचडी ठेवली. तुम्ही मायेनेच ठेवली. आणि ती खात होती, म्हणून सगळ्यांना बरं वाटत होतं.

नळी पुन्हा लाल. सुई आता माझ्या हातात, कारण वहिनींना तिच्यावरच्या रेघा दिसत नाहीत. स्वतःची सुई त्या घेतात, पण औषध शेजारणीकडून भरून घेऊन. मी डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी माप वाढवलं आणि बजावलं की हे आत्ताच्या खाण्यापुरतं आहे, मासळी सुरू कराल त्या दिवशी आधी माझ्याकडे या. मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी सुई देताना माझी पाचावर धारण बसली होती. चिंधीने हूं की चूं केलं नाही, ओरडलो मीच.

गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. घर मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हिरामावशींनी तिच्यासाठी मासळी उकडून आणली. हिरामावशी, खाली बघू नका, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही मायेनेच आणली, बिचारी किती दिवस खिचडीच खात होती म्हणून. मी कारखान्यात होतो, मला कळलं नाही. तिने भाकरी सोडली आणि मासळीवर तुटून पडली. दोन-तीन दिवस तेच. मी घरी येऊन खाल्लं का एवढंच विचारायचो, आणि माझी सुई चालू, ती खिचडीच्या दिवसांतली मोठी.

माझा सुट्टीचा दिवस होता. दुपारी वहिनींची हाक आली. गेलो तर चिंधी दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात होती. भिंतीवर आपटली. मग आडवी पडली, पाय ताणले, तोंडाला फेस, अंगाला झटके. मंडळी, मला वाटलं गेली. तात्यांची शेवटची खूण माझ्या हातून गेली. मी काय केलं असेल? काहीच नाही. दाराला धरून नुसता उभा.

वहिनींना ती नीट दिसतही नव्हती. त्यांनी हाताने चाचपलं, अंगाचे झटके त्यांच्या हाताला लागले, आणि त्या एकदम शांत झाल्या. म्हणाल्या, "भाऊ, ही मरत नाहीये. हिची साखर उतरलीय. माझी उतरते तेव्हा मलाही अस्संच होतं. गूळ आणा."

मी गूळ आणला. पाण्यात कालवताना निम्मं पाणी सांडलं. मी तोंडात ओतायला गेलो तर त्यांनी हात धरला. घशात ओतू नका, गुदमरेल, हिरड्यांना चोळा, बोट चावेल ते सांभाळा. त्या सांगत होत्या आणि मी चोळत होतो. किती वेळ गेला मला विचारू नका. मग तिने जीभ बाहेर काढली आणि माझं बोट चाटलं. मी खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. वहिनीही रडल्या. तात्या गेल्यावर त्या पहिल्यांदा रडल्या, ते तेव्हा.

तसंच तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी सुई पार खाली आणली, आणि आता खाणं एकच ठेवा म्हणाले, आज खिचडी उद्या मासळी असं झालं तर पुढच्या वेळी गूळ पुरणार नाही. तेव्हापासून ती फक्त मासळी आणि अंड्यावर आहे. कालची नळी हिरवट होती. चांगली आहे म्हणाले.

पण माझी भीती गेली नाही. खोटं कशाला सांगू? बरी होईल असं सगळे म्हणतात, मला खरं वाटत नाही. सुई दिल्यावर मी तिच्याकडे टक लावून बसतो. तिने जांभई दिली तरी माझा जीव उडतो. कामावर असताना मशीनच्या आवाजातही मला भिंतीवर आपटल्याचा तो आवाज ऐकू येतो.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. हात जोडून मागतो. तात्यांवर माया असेल तर त्यांच्या चिंधीला काही खाऊ घालू नका. दूध नको, खारी नको, पोळीचा तुकडा नको. तिने कितीही म्याव म्याव केलं तरी नको. ती नाटकी आहे, वहिनींना विचारा. काही द्यावंसं वाटलं तर मला आणून द्या, मी बघून देईन. तुमच्या घरातही मांजर असेल, खूप पाणी पीत असेल आणि सुकत चाललं असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. पिशवीत घाला आणि घेऊन जा.

वहिनी, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर आता देतो. एवढ्या लोकांसमोर देतो, कारण दोघांतच दिलं तर मी पुन्हा बादली उचलीन. मला माझा स्वभाव माहीत आहे.

हो. चिंधी माझ्याकडे राहील. तुम्ही उद्याच्या गाडीने जा, डोळे करून या. मी घाबरणार नाही असं वचन देता येत नाही मला. ते तात्यांनाही खरं वाटलं नसतं. घाबरत घाबरत देईन, पण रोज देईन. तिने खाल्ल्यावरच देईन, आणि खाणं तसूभर बदललं तर आधी डॉक्टरांकडे जाईन. एवढं माझ्याकडून होईल.

आता सगळे उभे राहू या. आपल्या आत्मारामतात्यांसाठी थोडा वेळ गप्प राहू या. आणि त्यानंतर कुणी मला शाबासकी देऊ नका, पाठ थोपटू नका. तिच्या संध्याकाळच्या सुईची वेळ झाली आहे. तुमच्यातलं कुणीतरी एक जण माझ्याबरोबर घरापर्यंत चला. एकट्याने दार उघडायची मला भीती वाटते.

तात्या, रामराम.