गुलामाच्या कोपऱ्यातले भोक

मी, वय ७९ वर्षे, धंदा पूर्वी शिवणकाम, सध्या काही नाही, राहणार वृद्धाश्रम, तळमजला, तेथे टेलरबाई म्हणून परिचित. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

तक्रारदार हा माझा धाकटा सख्खा भाऊ असून त्याचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. आम्ही दोघे त्याच आश्रमात समोरासमोरच्या खोल्यांत राहतो. मी गुलामचोर खेळताना लबाडी करते व त्याला रोज फसवून पाणी पाजते, अशी त्याची तक्रार आहे.

गेल्या महिन्यात भावाने पाणी पिणे जवळजवळ सोडले होते. प्यायले की लघवीला उठावे लागते आणि उठवायला मावशींना हाक मारावी लागते, याची त्याला लाज. मावशी म्हणजे आमची देखभाल करणारी बाई, वयाने माझ्या मुलीएवढी. उशाशी ठेवलेला तांब्या भरलेलाच परत जायचा. एके दुपारी मी त्याच्या खोलीत गेले, तेव्हा त्याने मला विचारले, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" मी फार घाबरले.

डॉक्टरांनी सलाईन लावले. म्हणाले, "दुसरं काही नाही, अंगात पाणीच नाही. या वयात तहान कळत नाही, घोट घोट पाजत राहा." मी समजावले, रागावले, रडूनही पाहिले. पालथ्या घड्यावर पाणी. मात्र भाऊ हट्टी असला तरी हरल्यावर शब्द पाळतो, हे मला ठाऊक होते. म्हणून पत्ते काढले. ज्याच्या हाती गुलाम उरेल त्याने पेलाभर पाणी प्यायचे, असे ठरले. दोन डाव झाले की मावशी स्वतःच येऊन "चला काका, पाय मोकळे करू" म्हणायची. त्याला हाक मारावी लागत नसे.

विचारल्यावरून सांगते की, गुलामाच्या कोपऱ्याला मी सुईने टोचले होते. शिवणाऱ्या बोटाला तेवढे पुरते. त्याच्या हातातला गुलाम मी कधी ओढला नाही. माझ्याकडे असला तर जरा वर काढून धरत असे, कारण वर आलेलाच पत्ता ओढायची त्याला जन्माची खोड आहे. संशय नको म्हणून अधूनमधून मीही हरत असे. मावशीला यातले काही माहीत नव्हते, तिला यात गोवू नये.

आज सकाळी त्याने घड्याळाचे भिंग डोळ्याला लावून ते भोक शोधले. "लबाड कुठली! आता पोलिसांतच जातो," म्हणून तो पायी निघाला. महिन्यापूर्वी त्याला खाटेवरून खिडकीपर्यंत जाववत नव्हते. मी मागून धापा टाकत पोचले, तेव्हा तो बाकावर बसून हवालदारांना आठवडाभराचे डाव तोंडपाठ सांगत होता.

त्याची तक्रार अक्षरन् अक्षर खरी आहे. हे कबूल करताना मला फार आनंद होत आहे. लबाडी कोणी केली, या प्रश्नावर त्याने "माझी सख्खी थोरली बहीण" असे लिहून दिले आहे. ते मी साहेबांकडून दोनदा वाचून घेतले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. वाचन चालू असताना हवालदारांनी तक्रारदाराला पाणी दिले. तो म्हणाला, "मला नको, ताईला द्या. आज ती हरलीय." ते पाणी मी सगळे प्यायले.