पोव्यात म्हणजे पोयनाड नव्हे

दवाखाना समितीचे सन्माननीय अध्यक्ष मार्तंडराव, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी आणि चहाच्या आशेनं बसलेल्या रेवदंडेकरांनो,

आज ज्यांना निरोप देतोय, त्या नर्सबाईंनी दोन वर्षं तुमच्या पोरांना सुया टोचल्या, पण त्यांचं नाव एकाच्याही लक्षात राहिलं नाही. यादविगा. आत्ता अध्यक्षसुद्धा 'यादवबाई' म्हणाले. असो, वयाचा मान.

बाई पोलंडच्या. लढाईत रशियानं त्यांना घरातून उचललं. मग इराण, मग कोल्हापूरकडची निर्वासितांची छावणी, आणि तिथून आपला दवाखाना. पहिल्याच आठवड्यात माझ्या वाळत्या बोंबलांशेजारी डोळे पुसत बसल्या होत्या. मी विचारलं, "बाय, गाव कंचा?"

म्हणाल्या, "पोव्यात कोसूव."

मला ऐकू आलं पोयनाड. म्हटलं, "मंग रडतीस कशाला? उद्या गाडी हाय." माझ्या लेकानं, अनंतानं, दिवसभर बैल हाकून त्यांना पोयनाडच्या बाजारात उतरवलं आणि वर विचारलं, "आता घर दाखव." बाई तिथं पहिल्यांदा हसल्या म्हणतात.

पुढं कुमुद मास्तरीणबाईंनी नकाशा उघडला. पोव्यात म्हणजे तिकडचा तालुका. कोसूव तालुक्यात डोंगर, दाट रान, चेरेमोश नदी, नदीवर लाकडांचे तराफे. समुद्र नाही, तरी मीठ पिकतं, विहिरीचं खारं पाणी उकळून. हे मी वर्षभर खोटंच धरलं. तालुका आधी ऑस्ट्रियाच्या बादशहाचा, मग पोलंडचा, आता रशियाचा.

इथंच सगळं अडलं. परत जायला घर उरलं नाही, म्हणून विलायतेच्या बोटीसाठी अर्ज केला होता, त्यात जन्मदेशाचा रकाना. पोलंड लिहिलं तर बोटीचा साहेब म्हणे, नकाशात कोसूव पोलंडात नाही. रशिया लिहायला हात उठेना. अर्ज दोनदा परत आला, आणि बोट तर आठवड्यावर. बाईंनी सल्ला कुणाला विचारावा? मला, नीरा कोळणीला, जिला अक्षर येत नाही.

मी म्हटलं, "रेवदंड्यात पोर्तुगीज आले नि गेले, इंग्रज आता गेले. आमी गाव सांगतो. राजा कोन, ते इचारणारानं शोधावं."

त्यांनी रकान्यात लिहिलं, 'पोव्यात कोसूव.' काल तार आली, जागा मिळाली. साहेबाला तोही एखादा देश वाटला असावा.

बत्त्या देणाऱ्यांचे, सतरंज्या घालणाऱ्यांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. माझं बोलणं शुद्ध भाषेत उतरवून कुमुदबाईंनी घेतलंय, तेव्हा निम्मा राग त्यांच्यावर काढा.

आणि बाय, तिकडं कुठं ठेवतील ते तुलाही ठाऊक न्हाय. नव्या तालुक्याचं नाव कळव, कुमुद वाचील. पण मला मुलूख चाखल्याशिवाय कळत न्हाय. तिथल्या बायका जे सुकवून ठेवत असतील, ते मूठभर धाड. ओलं नको, वाटेत नासेल.