फणसाला धाक

तुझ्या गॅलरीतल्या पेरूचं कौतुक पुरे रे, आता आमच्या फणसाचं ऐक. चौऱ्याऐंशीच्या सुमारास आम्ही मुलुंडला बैठ्या घरात भाड्याने राहायचो. मागे आईने लावलेला फणस होता. वाढला झकास, पण फळ धरायचं नाव नाही. आमच्या कोकणात अशा झाडाला कुऱ्हाडीचा धाक दाखवतात. दरवर्षी बाबा कुऱ्हाड घेऊन त्याच्यावर ओरडायचे, "नुसता पाला पाडतोस! तोडतोच आज!"

मग आई मध्ये पडायची. "राहू दे हो, पुढच्या वर्षी धरेल. मी सांगते ना!"

बाबा हळूच एक घाव घालायचे आणि चहाला आत यायचे.

एका दिवाळीत आई वारली. पुढच्याच उन्हाळ्यात फणस बुंध्यापासून लगडला. पण तोवर मालकाने जागा बिल्डरला विकली होती. झाड तोडायला माणसं आली, तेव्हा इतकी वर्षं कुऱ्हाड उगारणारे बाबा धावत मध्ये पडले.

"राहू दे हो, पुढच्या वर्षी धरेल. मी सांगतो ना!"

कुऱ्हाडवाल्याने वर बघितलं. "काका, धरलाय की हा!"

आणि घाव घातला. तो काही हळूच नव्हता.